फुटपाथवर चाक चढलं म्हणून चलान आलं? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरातले गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा. सणासुदीला इथं गाडी लावायला जागा नसते. मग मागचं चाक फुटपाथवर, पुढचं रस्त्यावर अशी तिरकी गाडी लावून माणूस दुकानात शिरतो आणि नंतर मोबाईलवर ई-चलान येतं.

लगेच पैसे भरून टाकणं ही पहिली चूक. मीही ती केली आहे. दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण मिटलं असं धरतात. मग हरकत कशावर घेणार?

मेसेजमधली लिंक उघडू नका. चलानच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) पाठवून बँक खातं साफ करणारे पुष्कळ आहेत. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन चलान आणि त्याचा फोटो उघडा. फोटो मोठा करून नंबर, रंग, जागा, वेळ ताडून बघा. गाडी एमएच २० ची आणि फोटोत एमएच २६ दिसत असेल, तर तेवढा एक मुद्दा पुरेसा आहे.

"एकच चाक वर होतं" आणि "सगळेच लावतात" ही कारणं मात्र हरकतीत लिहू नका. २०१७ च्या मोटार वाहन विनियमांत फुटपाथवर गाडी उभी करायला मनाई आहे, अर्ध्या चाकाची सूट नाही. आणि खरंच, त्या एका चाकापायी काठी टेकत चाललेल्या आजीला खाली रिक्षांच्या गर्दीत उतरावं लागतं. फोटोत चाक फुटपाथवर स्पष्ट असेल तर दंड भरा.

खरा वाद गट्टूंचा, म्हणजे सिमेंटच्या फरसबंदी ठोकळ्यांचा असतो. आपल्याकडे नालीच्या ढाप्यापासून शटरपर्यंत एकसारखे गट्टू बसवलेले असतात. त्यातला काही भाग फुटपाथ, काही दुकानाची स्वतःची मोकळी जागा. चलानच्या फोटोत हा फरक कळत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिथं जा. कडेचा दगड, ढापा आणि दुकानाची पाटी एकाच फोटोत येईल असं उभं राहा. मग टेप लावून जवळून आणखी एक फोटो घ्या. दुकानदाराकडे मंजूर नकाशा असेल तर त्याची प्रत मागा, नसेल तर महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महिनाभर थांबलात आणि तेवढ्यात गट्टू उखडले, तर हातात काहीच राहत नाही.

हरकतीची तक्रार चार ओळींत लिहा: चलान क्रमांक, तारीख, जागा, एकच कारण. पोलिसांवरचा राग त्यात नको.

लोकअदालतीची नोटीस आली तर एक ध्यानात ठेवा. तिथं तडजोड होते, चूक कोणाची हे ठरत नाही, आणि निवाड्यावर अपीलही नाही. दंड चुकीचाच आहे अशी खात्री असेल तर तडजोडीला नकार देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे म्हणणं मांडा. पहिल्या वेळी दंड ५०० रुपये असतो, पुन्हा सापडलात तर १,५००. जुनं चुकीचं चलान भरून सोडून दिलं, तर पुढचं चलान 'पुन्हा' मध्ये धरलं जाऊ शकतं.