कशेळीचा सडा, देऊळ आणि समुद्र : दोन दिवसांत कसे पाहावे

रत्नागिरीहून सागरी महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की पावस, पूर्णगड आणि गावखडी मागे पडल्यावर राजापूर तालुक्यातील कशेळी हे गाव लागते. बहुतेक प्रवासी येथे कनकादित्याचे दर्शन घेतात, देवघळीच्या कड्यावर पाच मिनिटे थांबतात आणि पुढे आडिवऱ्याकडे निघून जातात. या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कोकणातील सर्वांत मोठ्या कातळशिल्पांपैकी, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रांपैकी, एक आहे आणि ते पाहायचे तर दिवस घड्याळावर न आखता उन्हाच्या कलावर आखावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून या परिसरात एक मुक्काम करावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हंगामाचा विचार आधी करावा. जून ते सप्टेंबर या काळात सडा हिरवागार असतो, पण शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरतो. त्यानंतर कंबरभर वाढलेल्या गवतात शिल्पांच्या रेषा हरवून जातात. गवत वाळून बसले की, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, कातळ उघडा पडतो आणि हवाही सुखद असते. मार्चनंतर जांभा इतका तापतो की सकाळी दहानंतर सड्यावर उभे राहणे कठीण होते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी रत्नागिरीला उतरावे. राजापूर रोड हे स्थानक नावाने जवळचे वाटले तरी ते राजापूर शहरापासूनच बरेच दूर आहे. रत्नागिरीहून पावस–आडिवरे मार्गाच्या एसटी गाड्या मिळतात, मात्र सड्यावरची ठिकाणे मुख्य रस्त्यापासून आत असल्यामुळे स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असलेले बरे. राहण्या-जेवणाची घरगुती सोय आदल्या दिवशी सांगून ठेवावी. कोणी आयत्या वेळी आले तरी कोकणातले घर पाहुण्याला उपाशी पाठवत नाही, हे खरे. पण कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मनाजोगती हवी असेल तर घरच्या बाईमाणसाला वेळ द्यायला हवा.

पहिल्या दिवशी रत्नागिरीहून सकाळी लवकर निघावे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात थोडे थांबून पूर्णगड गाठावा. मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखावरच्या टेकडीवर हा छोटेखानी किल्ला आहे. दरवाज्यापाशी मारुतीचे मंदिर आहे आणि तटावरून फेरी मारायला अर्धा-पाऊण तास पुरतो. तटावरून खाडीच्या मुखाकडे पाहिले म्हणजे नदीचे गढूळ पाणी आणि समुद्राचे निळे पाणी यांच्यातील सीमारेषा कधी कधी स्पष्ट दिसते. एवढ्या लहान किल्ल्याला ही जागा का मिळाली, हे तेथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. पूल ओलांडला की गावखडीचे सुरूचे बन आणि लांबलचक पुळण लागते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. त्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर दिवे घेऊन फिरू नये, कारण उजेडामुळे मादी अंडी न घालताच परत फिरते.

दुपारच्या जेवणापूर्वी कशेळीच्या कनकादित्य मंदिरात पोहोचावे. महाराष्ट्रात सूर्याची मंदिरे मोजकीच आहेत आणि त्यांत याचा मान मोठा आहे. आख्यायिका अशी की, प्रभासपाटणकडून सूर्यमूर्ती घेऊन निघालेले एका व्यापाऱ्याचे गलबत कशेळीच्या समुद्रात अडले. एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत उतरवल्यावरच ते पुढे सरकले. पुढे गावातील कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत झाला, ग्रामस्थांनी मूर्ती गावात आणली आणि देवाला कनकादित्य हे नाव मिळाले. ही झाली श्रद्धेची कथा. इतिहासाचा पुरावा म्हणजे शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३ मध्ये, म्हणजे इ. स. ११९१ साली, कशेळी गाव दान दिल्याचा ताम्रपट. आठशे वर्षांपूर्वीही या गावाचे नाव कशेळीच होते, हे लक्षात घेऊन देवळाच्या आवारात उभे राहिले की लाकडी खांब आणि कौलांची छाया यांकडे आपण जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो. माघातील रथसप्तमीला येथे मोठा उत्सव असतो आणि त्या वेळी कालिकावाडीची कालिकादेवी वाजतगाजत येते. गर्दी चालणार असेल तर तेच दिवस निवडावेत. निवांतपणा हवा असेल तर ते नेमके टाळावेत.

संध्याकाळ देवघळीला द्यावी. काळ्या कातळाच्या दोन कड्यांमध्ये शिरलेला हा लहानसा किनारा वरून पाहण्यातच अधिक देखणा आहे. खाली उतरणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ गावात विचारून घ्यावी आणि पाण्यात शिरू नये. खडकांमधून परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. सूर्यास्तापूर्वी निदान पाऊण तास तेथे असावे, म्हणजे कड्याची सावली पुळणीवर हळूहळू लांबताना दिसते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ हा या प्रवासाचा गाभा आहे. सूर्य उगवून तास-दीड तास होईपर्यंत आपण कशेळीच्या सड्यावर असलेच पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तो भर दुपारी. ऊन डोक्यावर असल्याने चरांमध्ये सावली नव्हती, सगळा कातळ एकाच तांबूस-काळ्या रंगाचा दिसत होता आणि वाटाड्याने थांबवले नसते तर मी त्या शिल्पावरून चालत गेलो असतो. सकाळी तिरपे ऊन आले की दोन-तीन बोटे खोल असलेल्या प्रत्येक चराच्या एका कडेला बारीक काळी सावली धरते आणि चित्र जमिनीतून वर उचलल्यासारखे दिसू लागते.

हे शिल्प हत्तीचे आहे आणि त्याची लांबी सुमारे १८ मीटर, तर रुंदी सुमारे १३ मीटर आहे. एवढी आकृती जवळ उभे राहून एका नजरेत मावत नाही. म्हणून आधी बाहेरच्या बाजूने संपूर्ण रेषेभोवती सावकाश एक फेरी मारावी, पाठीचा कमान घेतलेला भाग ओळखावा, तेथून सोंडेपर्यंत रेषा डोळ्यांनी सोडू नये आणि मगच हत्तीच्या पोटात कोरलेल्या लहान आकृतींकडे वळावे. मासे, पक्षी, चार पायांचे प्राणी अशा कितीतरी आकृती त्या एका देहात सामावलेल्या आहेत. त्यांतील एखादाच मासा निवडून पाच मिनिटे त्याच्याजवळ बसावे. शेपटीशी रेषा कशी निमुळती केली आहे, जांभ्याच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागातूनही हात कोठे डगमगला नाही, हे तेव्हाच कळते.

ही शिल्पे कोणी आणि केव्हा कोरली, याचे लिखित उत्तर नाही. मात्र कोकणातील अशा शिल्पांत शेतीची दृश्ये आढळत नाहीत आणि आज येथे नसलेल्या गेंड्यासारखे प्राणी दिसतात, त्यामुळे ती शिकार करून व अन्न गोळा करून जगणाऱ्या माणसांची असावीत, असे अभ्यासक मानतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि वयस्क ग्रामस्थांना विचारून ही ठिकाणे उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्या यादीत कशेळीबरोबर बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी आणि सिंधुदुर्गातील कुडोपी यांची नावे आहेत.

येथे काही पथ्ये कसोशीने पाळावी लागतात. रेषांवर पाय देऊ नये. छायाचित्रात चित्र उठून दिसावे म्हणून चरांत खडू, रंग किंवा पीठ भरू नये. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात गेलेला रंग धुऊन निघत नाही. जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते, तेव्हा आधी गावात विचारावे आणि वाटाड्या घेतल्यास त्याला योग्य मोबदला द्यावा. त्या जागेचे मोल गावाला कळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे आणि शेजारीच जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणी असलेल्या प्रदेशात त्याची फार गरज आहे.

ऊन चढू लागले की सडा सोडावा. आडिवऱ्याच्या महाकालीचे दर्शन घेऊन देवीहसोळला जावे. तेथे आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ चौकोनी चौकटीत नागमोडी रेषांचे शिल्प आहे. प्राणी नाही, माणूस नाही, नुसती रचना. हत्ती पाहून आलेल्या डोळ्यांना ते आधी कोडे वाटते, पण लोकांच्या मनात मात्र त्या जागेला पावित्र्य आहे, म्हणून चपला दूर काढाव्यात. राजापुरात दुपारचे जेवण उरकावे. शिवाजी महाराजांनी १६६१ साली येथील इंग्रजांच्या वखारीवर छापा घातला होता. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी शत्रूला तोफांची मदत केली होती, त्याचा तो हिशेब होता. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधूनच प्रकटणारे झरे, आली असेल तर उन्हाळे गावाची वाट धरून १४ कुंडे पाहावीत. नसेल तर वेळ वाचवावा.

चार वाजता देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर पोहोचावे. येथे एकच मानवाकृती आहे. सोबत साधे होकायंत्र न्यावे आणि ते आधी दूर ठेवून उत्तर दिशा पाहून घ्यावी, मग आकृतीजवळ नेऊन सुई काय करते ते पाहावे. ती भलतीच दिशा दाखवू लागते. मोबाइलमधले होकायंत्रही चालते, पण साध्या सुईचे वळणे डोळ्यांसमोर घडते. जांभ्यात लोखंडाचा अंश असतो, हे यामागचे मूळ असावे. हे पाहून झाल्यावर दगडी वाटेने खाली उतरून भार्गवरामाच्या शांत मंदिरात जावे आणि अंधार पडण्यापूर्वी वर यावे; सड्यावर दिवे नाहीत, गुरांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि रात्री सगळ्या सारख्याच दिसतात.