फुटाळ्यावर ११२ लावताना

संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या रस्त्यावर कुणी बाइकचे स्टंट करत असेल किंवा हुल्लडबाजी चालली असेल, तर आधी बाजूला व्हा. वाद घालायला किंवा तोंडासमोर मोबाइल धरून शूटिंग करायला जाऊ नका. भांडण तिथूनच पेटतं. मग ११२ हा पोलिसांच्या मदतीचा नंबर लावा.

पोलिसांची गाडी उशिरा पोचते ती बहुतेकदा पत्ता मोघम असल्यामुळे. ‘फुटाळ्यावर या’ एवढ्यानं काही कळत नाही. चौपाटीच्या बाजूला की तेलंगखेडी बगिच्याकडे, ते सांगा. अंबाझरी तलावालाही तेच: उद्यान वेगळं, ओव्हरफ्लोजवळचा विवेकानंदांचा पुतळा वेगळा. समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली तरी चालतं.

क्रम असा ठेवा: जागा, काय चाललंय, किती जण, कुणी जखमी आहे का, हातात हत्यार दिसतंय का. गाडीचा नंबर पूर्ण नाही दिसला तर निदान एमएच ३१ की ४९, शेवटचे आकडे आणि रंग. ‘काळी बुलेट, शेवटी ७२’ एवढ्यावरही शोध सुरू होतो.

फोन ठेवल्यावर लगेच घरी फोन लावून गप्पा मारत बसू नका. पोलिस त्याच नंबरवर परत विचारतात. लाइन बिझी लागली की ते अंदाजानं फिरत राहतात.

बोलणं शक्यच नसेल तर बहुतेक स्मार्टफोनवर पॉवर बटण भराभर तीनदा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो. सेटिंग मात्र आधीच घरी बघून ठेवा.

रात्री १० नंतर वाजणाऱ्या लाउडस्पीकरसाठीही हाच नंबर.