सीएफओच्या इंटरव्ह्यूला निघण्याआधी

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी सीएफओची, म्हणजे कंपनीच्या फायनान्स प्रमुखाची, नोकरी शोधायला लागलो, सीए होऊन 21 वर्षं, शेवटची सात चाकणला एका ऑटो पार्ट्सवाल्याकडे, आणि मनात होतं की एवढा अनुभव आहे, सीव्ही टाकला की झालं. कसलं काय. आता ओळखीतले दोघंतिघं त्याच वाटेवर आहेत, रोज फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी सीव्ही दोन पानांत आणा. मंथ एंड क्लोजिंग, ऑडिट, जीएसटी रिटर्न हे सगळं काढा, या लेव्हलला ते येतंच असं समोरचा धरून चालतो. पैसा कुठे सुटला, कुठे वाचला ते लिहा, पण लिहिलेल्या प्रत्येक आकड्याच्या पोटात काय आहे तेही माहीत हवं. माझी फजिती इथेच झाली. मी ऐटीत लिहिलं होतं, गिऱ्हाइकांकडून बिलाचे पैसे यायचा वेळ 78 दिवसांवरून 61 वर आणला. इंटरव्ह्यू घेणारे प्रमोटर, म्हणजे कंपनीचे मालक, सत्तरीचे, समोर लॅपटॉप नाही, फक्त छोटी वही. म्हणाले, "420 कोटींच्या धंद्यात 17 दिवस म्हणजे साडेएकोणीस कोटी. त्यातले खरे वसूल किती आणि बिल डिस्काउंटिंगचे किती?" निम्मे डिस्काउंटिंगचेच होते, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले नाहीत, बिलं बँकेकडे देऊन आधीच उचललेले. मी पाणी प्यायलो, मग खरं सांगितलं, आणि ती नोकरी गेली ती गेलीच.

दुसरं काम सगळ्यात मोठं, त्याला पूर्ण वीकेंड द्या. कंपनीचे तीन वर्षांचे अ‍ॅन्युअल रिपोर्ट शेवटच्या पानांकडून वाचायला घ्या, चेअरमनचं पत्र आणि गुळगुळीत फोटो राहू द्या. ऑडिटरच्या रिपोर्टला कारोची (ऑडिटरने काय काय तपासून लिहायचं त्या सरकारी आदेशाची) पुरवणी असते, त्यात बघा की बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का, पाच कोटींच्या वर वर्किंग कॅपिटल लिमिट (रोजच्या धंद्यासाठी बँकेकडून मिळणारं कर्ज) असेल तर ऑडिटरला हे लिहावंच लागतं. बँकेला दाखवलेला मालाचा स्टॉक जास्त आणि पुस्तकात कमी असं दोन वर्षं दिसलं तर समजून जा की उद्या त्या स्टेटमेंटवर सही तुमची असणार आहे. मग रिलेटेड पार्टीची नोट (मालकाशी संबंधित लोकांशी झालेले व्यवहार), कंटिन्जंट लायबिलिटी (उद्या अंगावर येऊ शकणारी देणी), आणि प्रमोटरच्या दुसऱ्या कंपन्यांना दिलेली कर्जं.

आधीचा सीएफओ का गेला हेही शोधा. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी असेल तर त्याचं राजीनाम्याचं पत्र स्टॉक एक्स्चेंजवर टाकावं लागतं. बहुतेक वेळा "वैयक्तिक कारण" एवढंच असतं, पण तारीख बघा. रिकामी जागा साधारण तीन महिन्यांत भरायचा सेबीचा नियम आहे, म्हणजे त्यांच्याकडे किती आठवडे उरलेत हे तुम्हाला कळतं आणि पगाराच्या बोलणीत ते फार कामाला येतं 😄

लिस्टेड कंपनीत नेमणुकीला ऑडिट कमिटीची (हिशोबावर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीची) मंजुरी लागते, तेव्हा ऑफर घ्यायच्या आधी तिच्या चेअरमनशी अर्धा तास बोलायला मिळेल का ते विचारा. नाही म्हणाले तर मी तरी पुढे गेलो नसतो. तुम्हालाही एक प्रश्न नक्की येणार, मालकाला कधी नाही म्हटलंय का. खरा प्रसंग तयार ठेवा, नाही म्हटल्यावर पुढे काय झालं त्याच्यासकट, कारण तिमाही निकालात खोटं किंवा दिशाभूल करणारं काही नाही असं सर्टिफिकेट सीईओबरोबर तुम्हालाच द्यायचंय. डी अँड ओ इन्शुरन्स (संचालक आणि अधिकाऱ्यांवर दावा झाला तर त्यासाठीचा विमा) आहे का, किती रकमेचा, हेही तेव्हाच विचारून घ्या, जॉइन झाल्यावर विचारायला ऑकवर्ड होतं.

टेक्निकलमध्ये फार घासायला नको. नवा इन्कम टॅक्स कायदा, लेबर कोडमुळे (नव्या कामगार कायद्यांमुळे) वाढलेली ग्रॅच्युइटी, छोट्या सप्लायरचं पेमेंट 45 दिवसांच्या पुढे गेलं की खर्चाची वजावट लांबते ते, आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग (नोंदीत कोणी कधी काय बदललं त्याची नोंद), एवढ्यावर नीट बोलता आलं तरी पुष्कळ.

कागदांचं पटकन. 90 दिवसांचा नोटीस पीरियड कोण विकत घेणार (लवकर सुटायचे पैसे कोण भरणार), जुन्या कंपनीत सोडून द्यावे लागणारे ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर) कसे भरून देणार, हे सगळं लेखी घ्या, "बघू आपण" वर जाऊ नका. स्वतःचा सिबिल रिपोर्ट काढून बघा. आणि जागा मुंबईला असेल तर घरी आधी बोला, पुणे ते बीकेसी रोज जमत नाही, डेक्कन क्वीनवर कितीही प्रेम असलं तरी.

शेवटी डीमॅट. बोलणी चालू असलेल्या कंपनीचे शेअर घेऊही नका, विकूही नका, आणि आधीचे असतील तर काढून ठेवा यादी, नेमणुकीनंतर सात दिवसांत कंपनीला कळवावे लागतात. घरच्यांचीही खाती तपासा. माझ्या बायकोच्या खात्यात असे 40 शेअर निघाले, तिलाच आठवत नव्हतं कधी घेतले.