तरणतलावात डिझेल सांडल्यास करावयाची स्वच्छता

लोणावळा, कर्जत, अलिबाग भागातील अनेक बंगल्यांत जनरेटर तरणतलावाच्या पंपखोलीला लागूनच बसवलेला असतो. त्यात डिझेल भरताना कॅन कलंडला किंवा नळी गळाली, तर उतारावरून ते थेट पाण्यात जाते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे आरंभी सगळे पृष्ठभागावरच राहते. ते तेथेच एका जागी रोखून उचलायचे असते. ढवळले की काम कठीण होते.

म्हणून सर्वप्रथम गळती थांबवावी आणि फिल्टरचा पंप बंद करावा, अन्यथा स्किमर (पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणारे तोंड) वरचा थर ओढून फिल्टरमधील वाळूपर्यंत पोहोचवतो. पेट्रोल सांडले असेल, तर मात्र स्वतः साफसफाई करू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पंपखोलीसारख्या खोलगट जागी साचते आणि बटणाच्या ठिणगीनेही पेटू शकते; अशा वेळी सर्वांनी दूर जावे, जवळचे कोणतेही बटण दाबू नये आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

डिझेल उचलण्यासाठी पाणी न शोषता केवळ तेल शोषणारे पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे पॅड वापरावेत. सुती कापड आधी पाणीच पिऊन जड होते. वाऱ्याने तवंग आपोआप एका बाजूला सरकत असेल तर तेथेच पॅड पसरावेत. नसेल तर बागेच्या नळीची हलकी फवार पृष्ठभागाला समांतर धरून तो कोपऱ्यात आणावा. हातात नायट्राइलचे (एक प्रकारच्या रबराचे) मोजे असावेत. आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद तलावावर एक लिटर डिझेल समान पसरले, तरी थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश भागाइतकीच भरते; त्यामुळे शेवटी उरणारे इंद्रधनुषी रंग पाहून धीर सोडू नये, कारण ते फार थोड्या तेलाचे असतात. तेही पॅड बदलत राहून काढता येतात.

साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव पाण्यात ओतू नये. तवंग नाहीसा झाल्यासारखा दिसतो, पण तेल बारीक थेंबांच्या रूपाने संपूर्ण पाण्यात मिसळते आणि मग पॅड निरुपयोगी ठरतात. त्याहून गंभीर गोष्ट ब्लीचिंग पावडरीची: कोरडी पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्या डिझेलच्या संपर्कात आल्यास आग लागू शकते, म्हणून तवंग पूर्ण निघेपर्यंत क्लोरीन टाकू नये आणि तेलकट पॅड त्या साठ्याजवळ ठेवू नयेत.

कडेच्या फरशांवरील तेलकट रेषा पॅडनेच पुसावी. डिझेल फिल्टरमध्ये गेले असल्यास वाळू बदलणे इष्ट, कारण बॅकवॉशने (फिल्टरमधून पाणी उलट दिशेने सोडून केलेल्या धुलाईने) ते पूर्ण सुटत नाही आणि बॅकवॉशचे पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडता येत नाही. वापरलेले पॅड आणि वाळू झाकणाच्या डब्यात बंद ठेवून घातक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट लावणाऱ्यांकडे सोपवावी. तळोजा आणि रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत.

पाणी संपूर्ण उपसण्याची घाई पावसाळ्यात विशेषतः टाळावी. जमिनीतील पाण्याची पातळी वर असताना रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो. तवंग गेल्यानंतरही वास येत असेल, तर सक्रिय कोळशाचा फिल्टर लावून पाणी फिरवावे, आणि प्रयोगशाळेत तेलाची तपासणी होईपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.