राजा रविवर्मांच्या चित्रांशेजारी मुलांसाठी छपाईचं टेबल

बडोद्याच्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत. मुलं ती बघतात आणि पुढे सरकतात. हीच चित्रं घरोघरी कशी पोचली, ते हातांनी करून पाहायला मिळालं तर ती थांबतील. 1894 साली मुंबईत निघालेल्या रविवर्मांच्या छापखान्यात प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड असे. आपण दगडाऐवजी रबराचे ठसे करायचे.

चित्र साधं हवं. सरस्वतीशेजारचा मोर उत्तम. पिवळा, निळा आणि काळा असे तीनच ठसे पुरतात. हिरवा रंग दोन थर एकमेकांवर चढले की आपोआप उमटतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. म्हणून पोस्टर कलर नको, तो खालचा पिवळा झाकून टाकतो. पाण्यात विरघळणारी स्टॅम्प पॅडची शाई घ्या. कार्ड 10 × 15 सेंमी, 250 जीएसएम (दर चौरस मीटरला 250 ग्रॅम) वजनाचं, बिनचकाकीचं. चकचकीत कागदावर शाई वाळत नाही, बाही लागताच फासते.

प्रत्येक ठशाला 12 मिमी प्लायचा तळ आणि 6 मिमी प्लायचं झाकण करा. ठसा झाकणाच्या आतल्या बाजूला, कार्ड तळावर. डाव्या कडेला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी लावा, म्हणजे झाकण पुस्तकासारखं उघडेल. बिजागरीखाली ठशाच्या जाडीची पट्टी विसरू नका, नाहीतर झाकण तिरकं बसतं आणि अर्धा मोर फिका येतो. उजव्या कडेला धरायला दोन लाकडी कान द्या. दोन्ही हात कानांवर असले की बोट आत चेमटत नाही.

खरी मेख रंग जुळवण्यात आहे. कार्डाला ऑफिसच्या पंचने 80 मिमी अंतरावर 6 मिमीची दोन भोकं पाडा. तळावर साडेपाच मिमी जाडीच्या, 3 मिमी उंच खुंट्या बसवा. त्याहून बारीक खुंटी घेतली तर कार्ड हलतं आणि मोराला दोन माना फुटतात.

आधी पिवळाच. निळा आधी छापला तर तो पिवळ्या ठशाला लागतो, तिथून शाईच्या गादीत उतरतो आणि दुपारपर्यंत पिवळा शेवाळी होतो. बडोद्याच्या मे महिन्यात गाद्या सुकतात. झाकून ठेवा आणि ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी टेबल 60 सेंमी उंच हवं. ते दालनाबाहेरच ठेवा, शाई तैलचित्रांजवळ नकोच, पण दारातून चित्र दिसू द्या. सूचना गुजरातीत आणि मराठीत, एकेका ओळीच्या. तयार छापाचा नमुना मात्र टेबलावर लावू नका. काळी रेघ उमटेपर्यंत हे काय आहे, ते मुलांनाच ओळखू द्या.