साध्या जावास्क्रिप्टने फॉर्म पाठवताना जुन्या ब्राउझरांची काळजी कशी घ्यावी

निवडयादीतील पर्याय बदलताच फॉर्म आपोआप पाठवायचा असेल, तर बहुतेक जण फॉर्मवर सबमिट() ही मेथड, म्हणजे फॉर्मची अंगभूत आज्ञा, थेट चालवतात. फॉर्म त्याने जातो खरा. पण ब्राउझर सबमिट इव्हेंट (फॉर्म जात असल्याची कोडला मिळणारी सूचना) घडवत नाही, ‘रिक्वायर्ड’सारख्या (रकाना भरणे सक्तीचे करणाऱ्या) बंधनांची तपासणी करत नाही आणि बटणाचे नाव व मूल्यही सोबत पाठवत नाही. हा कोणत्याही ब्राउझरचा दोष नसून ठरलेले वर्तन आहे. त्यामुळे इव्हेंटला जोडलेला तपासणीचा कोड मुकाट्याने वगळला जातो आणि अर्धवट भरलेला फॉर्म सर्व्हरकडे पोहोचतो.

या अडचणीवर रिक्वेस्टसबमिट() ही मेथड आहे. वापरकर्त्याने बटण दाबल्यावर होते तशी बंधनांची तपासणी ती करते आणि सबमिट इव्हेंटही घडवते; बटणाचे नाव व मूल्य सोबत हवे असेल, तर ते बटण तिला कंसात द्यावे लागते. मात्र ती क्रोममध्ये 2019 साली, फायरफॉक्समध्ये 2020 साली आणि सफारीत थेट 2022 साली आली, म्हणून जुने आयफोन वापरणाऱ्यांचा विचार करून ती वापरण्यापूर्वी उपलब्ध आहे की नाही हे तपासावे. तपासणी ब्राउझरच्या नावावरून करू नये. फॉर्मवर त्या नावाचे फंक्शन आहे का, एवढेच पाहावे. नसेल तर सबमिट प्रकारचे एक बटण तयार करून ते लपवावे, फॉर्मला जोडावे, त्यावर क्लिक() चालवावे आणि लगेच काढून टाकावे. फॉर्ममध्ये आधीच योग्य बटण असेल, तर त्यावरच क्लिक() चालवणे अधिक सरळ.

‘सबमिट हे फंक्शन नाही’ अशी त्रुटी दिसली, तर प्रथम बटणाचे नाव किंवा आयडी पाहावा. तेथे ‘सबमिट’ हेच नाव दिलेले असेल, तर फॉर्मची मूळ मेथड त्या बटणाआड झाकली जाते. नाव बदलणे हाच उत्तम उपाय. स्क्रिप्टने नवा फॉर्म बनवला असेल, तर तो पाठवण्यापूर्वी पानाच्या बॉडीला जोडावा, कारण पानाबाहेरचा फॉर्म पाठवण्यास ब्राउझर नकार देतात.

इंटरनेट एक्सप्लोररची आठवी किंवा त्याआधीची आवृत्ती सांभाळणे एखाद्या कार्यालयीन प्रणालीसाठी अजूनही भाग असेल, तर तेथे इव्हेंटला कोड जोडणारी नेहमीची अ‍ॅडइव्हेंटलिसनर ही मेथड नसल्याने तिच्याऐवजी अटॅचइव्हेंट वापरावे आणि फॉर्म थांबवण्यासाठी इव्हेंटची रिटर्नव्हॅल्यू फॉल्स करावी. सबमिट इव्हेंट तेथे वरच्या घटकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो प्रत्येक फॉर्मवर स्वतंत्रपणे ऐकावा लागतो. बटणाचा टाइपही स्पष्ट लिहावा, कारण सातव्या आवृत्तीत टाइप न दिलेले बटण सबमिटचे मानले जात नाही.

फॉर्म दोनदा जाऊ नये म्हणून बटण निष्क्रिय करायचे असल्यास ते क्लिकच्या वेळी करू नये, कारण काही ब्राउझरांत फॉर्म जाणेच थांबते. सबमिट इव्हेंटमध्ये लगेच निष्क्रिय केल्यास फॉर्म जातो, पण बटणाचे मूल्य गळते. त्यामुळे सबमिट इव्हेंटमध्येच सेटटाइमआउटने (कोड थोड्या वेळाने चालवणाऱ्या फंक्शनने) शून्य मिलिसेकंदांचा विलंब देऊन ते निष्क्रिय करावे. वापरकर्ता ‘मागे’ जाऊन परतला, तर काही ब्राउझर जतन केलेले पान जसेच्या तसे दाखवतात आणि बटण बंदच राहते. यासाठी पान दिसताना घडणाऱ्या पेजशो इव्हेंटमध्ये ते पुन्हा सुरू करावे.