सागवानी जमीन घासून पॉलिश करताय? या चुका टाळा

पॉलिशचा पहिला हात संध्याकाळी देऊन झाला तेव्हा ट्यूबच्या उजेडात जमीन आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं आणि खोलीभर चंद्रकोरी उगवल्या. नखाएवढ्या, वाटीच्या काठाएवढ्या, एकीत एक अडकलेल्या, शेकड्यांनी. सुताराने चार इंची ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून दीड दिवसात खोली उरकली होती, आणि 'वा, किती पटकन' म्हणत त्याला दोनदा चहा पाजणारा मीच होतो.

खोली म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घराची माडी. खाली आडवं पडलं की ज्या फळ्या तक्तपोशी म्हणून दिसतात, त्याच वर आमची जमीन. ही खोली बिघडवली, शेजारची बरी जमवली आणि मग ही पुन्हा घासली. एवढ्या उठाठेवीतून एक गोष्ट पक्की कळली: पॉलिशनंतर दिसणारी बहुतेक दुखणी पॉलिशच्या आधीची असतात. पॉलिश त्यांच्यावर फक्त भिंग धरतं.

आधी बघा, लाकूड आहे का

हसू नका. बाणेर-बालेवाडीकडच्या फ्लॅटमध्ये 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा लॅमिनेट असतं. म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसा, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि वर पारदर्शक थर. त्याला मशीन लावलंत तर मिनिटभरात चित्र गायब. गाठीची तीच नक्षी काही फळ्यांनंतर पुन्हा दिसली की समजायचं. दुसरा प्रकार इंजिनिअर्ड लाकडाचा: वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा, खाली प्लाय. पापुद्रा ३-४ मिलिमीटरचा असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी हलक्या हाताने घासता येतो, मिलिमीटरभर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. उंबऱ्यापाशी पट्टी उचकटून फळीची कड पाहिली की सगळा उलगडा होतो.

अखंड सागवान निघालं तरी लगेच मशीन आणू नका. जमीन नुसती मळकट झाली आहे, पण पॉलिश कुठे लाकडापर्यंत झिजलेलं नाही, असं असेल तर ती पुसून, वरवर खरवडून एक हात दिला तरी भागतं. त्याआधी जुनं पॉलिश कसलं आहे ते पाहा. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद न देता एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना बधलं नाही तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असण्याची शक्यता जास्त. लाखेवर किंवा मेणावर थेट पीयू मारलं की वर्षभरात पापुद्रे सुटायला लागतात.

ग्राइंडर जमिनीपासून लांब ठेवा

ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतो. हातात तो कधीच पूर्ण सपाट बसत नाही, चकतीची एक कड टेकते आणि तीच रुतते. ती चंद्रकोर त्या कडेची. लोखंडाला किंवा दगडाला ठीक, पण सागाला नाही. जमिनीला सुरुवातीला बेल्ट सँडर (पॉलिश पेपरचा पट्टा फिरवणारं मशीन) आणि पुढे ऑर्बिटल सँडर (चकती गरगर फिरवणारं), एवढं पुरतं. वेळ लागतो. बारा बाय दहाच्या खोलीला आम्हाला पूर्ण तीन दिवस लागले, आणि पाठीला आठवडा.

बेल्ट सँडरचीही एक खोड आहे. तो एका जागी दोन सेकंद थांबला की तिथे बशी तयार होते. म्हणून आधी हवेत चालू करायचा, पुढे सरकत असतानाच टेकवायचा आणि सरकत असतानाच उचलायचा. फळीच्या लांबीने, लाकडाच्या रेषेबरोबर. आडवा फिरवला तर पडणारे ओरखडे पुढच्या तीन कागदांनीही जात नाहीत. दारात कोणी हाक मारली तर आधी मशीन उचला, मग वळून बघा. आमच्या माडीत दाराजवळ जी बशी आहे ती कुरिअरवाल्याची.

खोली झाली असं वाटलं की दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा आणि स्वतःही आडवे व्हा. सकाळच्या उन्हात दिसणारं सगळं तेव्हाच दिसतं, आणि तेव्हा ते दुरुस्त करणं फुकट असतं.

कागदाचे नंबर गाळू नका

पॉलिश पेपरचे नंबर ४०, ६०, ८०, मग १२०; नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. जमीन बरी असेल तर ६० पासून सुरू करा, पण मधला नंबर गाळू नका. ४० नंतर एकदम १२० घेतला तर काय होतं? ४० ने पाडलेल्या चराचे काठ तेवढे गुळगुळीत होतात, चर तिथेच राहतो. हात फिरवला की लोण्यासारखं लागतं, म्हणून आपण फसतो. पॉलिश त्या चरात उतरतं आणि प्रत्येक रेघ काळी होऊन वर येते.

उपाय पोरकट वाटेल, पण अचूक आहे. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी शाळेतल्या पेन्सिलीने जमिनीवर नागमोडी रेघा ओढा. शेवटची रेघ पुसली गेली की तो नंबर झाला. दोन नंबरांच्या मध्ये व्हॅक्यूम फिरवा, झाडू नव्हे. ४० च्या कागदाचा एक कण फटीत राहिला आणि १२० च्या वेळी चकतीखाली आला की तो एकटा सगळी मेहनत वाया घालवतो. आणि १२० वर थांबा. २२० ने घासून जमीन काचेसारखी केलीत तर पॉलिशला धरायला जागा उरत नाही.

कडा आणि कोपरे हाताने, स्क्रॅपरने. जुने सुतार यासाठी फुटक्या काचेचा तुकडा वापरतात. तुम्ही स्क्रॅपरच वापरा.

खिळे आणि त्यांच्याभोवतीचे काळे डाग

घासण्याआधी प्रत्येक खिळा सुंब्याने, म्हणजे डोकं आत ठोकायच्या लोखंडी टोच्याने, तीन मिलिमीटर आत ठोका. वर राहिलेलं एक डोकं अख्खा पट्टा फाडतं, ठिणगी उडते ती वेगळीच, आणि तेव्हा मशीनची पिशवी कोरड्या भुशाने भरलेली असते.

जुन्या खिळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा ओलीमुळे झालेला तो संसार. मी ती घासून काढायला गेलो. डाग खोल गेला होता, मी त्याच्या मागे गेलो, आणि खिळ्यागणिक एक खळगा झाला. हे काम ऑक्झॅलिक ॲसिडचं. प्लास्टिकच्या बादलीत गरम पाण्यात विरघळवायचं, हातमोजे घालून ब्रशने लावायचं, नुसत्या डागावर नाही तर त्या पूर्ण फळीवर, नाहीतर डागाच्या जागी फिकट टिकली दिसते. पंधरा-वीस मिनिटांत काळं फिकं पडायला लागतं. मग दोनदा साध्या पाण्याने पुसून दोन दिवस वाळू द्यायचं. हे विष आहे, मुलं आणि मांजर खाली पाठवा. नीट न धुता वर सँडर चालवलात तर तीच पूड नाकात जाते.

कडेने जुन्या ऑइलपेंटचा पट्टा असेल तर तो कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात काय होतं ते डब्यालाच माहीत. रिमूव्हर लावून, ओलसर ठेवून खरवडा. सागाची धूळही साधी नाही. तिने काहींना खाज आणि दमा होतो, आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क घाला.

फटी भरण्याची घाई

एप्रिलमध्ये फळ्यांच्या फटीतून खालचा दिवा दिसत होता. मी भुसा आणि फेविकॉल कालवून लांबी, म्हणजे पुट्टी, केली आणि सगळ्या फटी बुजवल्या. जुलैत फळ्या फुगल्या आणि लांबी सुरवंटासारखी वर आली. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडीठाक आणि पावसाळ्यात दमट, लाकूड रुंदीत हलणारच. दोन मिलिमीटरपर्यंतच्या फटी तशाच सोडा. मोठ्या फटीत जुन्या सागाची काप बसवा, गोंद एकाच बाजूला. टिंबर मार्केटमध्ये जुन्या लाकडाचा तुकडा मिळतो, शोधावा लागतो इतकंच. खिळ्यांची भोकं भरायला त्याच जमिनीचा बारीक भुसा सीलरमध्ये कालवा. फेविकॉल जिथे पसरतो तिथे पॉलिश मुरत नाही आणि बोटांचे फिके ठसे कायमचे राहतात.

कधी करावं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं आणि लाख किंवा लॅकर पांढुरकं पडतं. एप्रिल-मेच्या दुपारी उलट, ब्रश पुढे जाईपर्यंत मागचं सुकतं आणि जोडाच्या रेघा उमटतात. डिसेंबरात पहाटे गारठा असतो, तेव्हा सकाळी दहा-अकराला सुरू करून तीनच्या आत हात संपवा.

पॉलिशच्या दिवशी

सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वर लावलेलं नीट सुकत नाही किंवा धरत नाही. हात देण्याच्या थोडं आधी पांढऱ्या सुती फडक्याने थिनर किंवा ॲसिटोन लावून पुसा. फडकं पिवळं-तपकिरी होईल, ते होणं थांबेपर्यंत फडकी बदला. खिडक्या उघड्या, आणि घरात कुठेही ज्योत नको. आमच्याकडे गॅस बंद केला होता, गीझर बंद केला होता, आणि खाली देवघरात समई तेवत होती. आईच्या लक्षात आलं म्हणून.

दोन डब्यांचं पीयू असेल तर हार्डनर (पीयू घट्ट करणारा दुसरा डबा) डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मापाने. अंदाजाने कमी पडला तर जमीन महिनाभर चिकट राहते आणि सगळं खरवडण्यावाचून इलाज नसतो. डबा हलवू नका, सावकाश ढवळा, नाहीतर बुडबुडे. पंखा बंद. पातळ तीन हात, मध्ये ३२० ने हलकं घासून पुसून. दाराच्या समोरच्या भिंतीपासून दाराकडे या. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माझा भाऊ गॅलरीत अडकून पडला होता.

मेलामाइन आणि लॅकर फर्निचरला ठीक, पायाखाली टिकत नाहीत. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, सुंदर दिसतं, पण जाड लावलं तर चिकट राहतं आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. आणि त्याची फडकी कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते. बोळ्यात ती साठत जाते आणि काडी न लावता फडकं पेटतं. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे आले तर खाली मेण किंवा तेल राहिलंय, घासून थिनरने पुन्हा पुसावं लागेल. लॅकरवर पांढरं धुकं आलं तर कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या थिनरचा) हलका हात द्या, बऱ्याचदा निघून जातं. धुळीचे कण ३२० चा कागद काढतो. चंद्रकोरींना उपाय नाही, ८० पासून पुन्हा.

एक शेवटची भीती. ताजा घासलेला साग चट्टेपट्ट्यांचा दिसतो, कुठे हिरवट, कुठे तपकिरी. मी घाबरून वॉलनट रंगाचा डबा आणला. दुसऱ्या खोलीला आलेल्या पॉलिशवाल्या काकांनी तो बाजूला सारला. "अहो, सागाला रंग कशाला? थोडं ऊन खाऊ दे की त्याला." खरंच, काही आठवड्यांत सगळं सोनेरी होत एकसारखं झालं. फक्त खिडकीपाशी साडेतीन बाय सहाचा एक पट्टा सोडून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोने तिथे सतरंजी घातली होती आणि ती उचलायची कोणाला आठवणच राहिली नाही.